पैनगंगेच्या अलीकडे: भीमपूरच्या मुरूमवाटेवर सायकलने

मंडळी, सुट्टी लागली की आपल्यापैकी निम्मी कुटुंबं हैदराबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ पकडून नागपूर-अमरावतीच्या दिशेने निघतात. निर्मल मागे पडतं, महबूब घाट चढतो, हौशी लोक वाट वाकडी करून कुंतालाचा धबधबा बघून येतात. मग आदिलाबादचा फाटा येतो आणि बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. पैनगंगेचा पूल ओलांडला की मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "आला का महाराष्ट्र?" आणि आपण सांगतो, "हो, आता सगळीकडे मराठी."

या जानेवारीत मी आणि माझी लेक त्या पुलाच्या अलीकडेच उतरलो आणि दोन दिवस सायकल चालवली. आदिलाबादच्या वायव्येला, पैनगंगेच्या दक्षिण काठावर भीमपूर मंडल आहे. (तेलंगणात तालुक्याच्या जागी मंडल असतं, हे इथल्या मुलांना सांगायला नको, महाराष्ट्रातून वाचणाऱ्या आत्या-काकांसाठी सांगते.) टेकड्या, सागाचं जंगल, लहानमोठे जलाशय आणि शेतांमधून गेलेले मुरमाचे रस्ते. ग्रॅव्हल सायकलिंगसाठी लोक विमानाने कुठे कुठे जातात. आपल्याला इथे पोचायला गाडीने साडेपाच-सहा तास लागतात.

ग्रॅव्हल म्हणजे काय रे भाऊ

ग्रॅव्हल म्हणजे खडी, आणि आपल्याकडे म्हणायचं तर मुरूम. ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेलं. फरक टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलचं टायर बोटाएवढं असतं, हिचं साधारण ४० मिलिमीटर रुंद, आणि त्यात हवा कमी भरायची. आम्ही ३० ते ३५ पौंड ठेवली होती. कमी हवेचं टायर दगडावर आपटून उसळत नाही, दबतं आणि पुढे जातं. डांबरावर ही सायकल थोडी सुस्त वाटते. मुरमावर मात्र हिच्याइतकं सुख कशात नाही.

हा प्रकार गाजला तो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून. तिथे एम्पोरिया गावी २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची शर्यत भरते. २०२२ साली इटलीत ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली. पण खरं सांगायचं तर आपले आजोबा, पणजोबा साध्या काळ्या सायकलीवर पोतं बांधून याच वाटांनी बाजाराला जात होते. आपण त्या वाटेला नवं नाव दिलं आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं, एवढंच.

या भागात अशा वाटांना पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंना वावरं, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. चाकांच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी. सायकल एका चाकोरीत धरायची आणि नजर दहा हात पुढे ठेवायची.

पहिला दिवस: तामसीमार्गे

आम्ही मुक्काम आदिलाबादला केला, कारण भीमपूरला राहायची सोय नाही. मुलीचे बाबा गाडी, पाणी आणि जादा ट्यूब घेऊन मागे राहणार होते. "तुम्ही चालवा, मी चहा पितो," अशी त्यांनी कामाची वाटणी करून टाकली.

हिवाळ्यात आदिलाबाद तेलंगणातल्या सगळ्यात थंड जिल्ह्यांपैकी एक असतो; पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सकाळी साडेसातला निघालो तेव्हा हातमोज्यांतूनही बोटं आखडत होती. शहर संपेपर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या. आदिलाबाद ही कापसाची मोठी बाजारपेठ, त्यामुळे या दिवसांत रस्त्याच्या कडेची बाभूळसुद्धा पांढरी झालेली असते. गाड्यांतून उडालेला कापूस तिच्या काट्यांना अडकतो. हेच काटे पुढे आमच्या टायरमध्ये शिरले. आमचे टायर ट्यूबलेस होते. आत एक पांढरा चिकट द्रव असतो, तो भोक आपोआप बुजवतो. पहिल्या दिवशी चार काटे उपसले, हवा फक्त एकदा भरली.

तामसीच्या बाजूला मत्तडीवागू प्रकल्पाचा जलाशय आहे. लेकीने शाळेत तेलुगू घेतली होती, म्हणून नावाची फोड तिनेच केली: वागू म्हणजे ओढा, आणि मत्तडी म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यासाठी बांधलेला सांडवा. तेलंगणात चेरुवु म्हणजे तळं आणि गुट्टा म्हणजे टेकडी, एवढे दोन शब्द आले तरी नकाशा निम्मा वाचता येतो. बांधावर चढून आम्ही डबा उघडला. पाणी शांत होतं, काठाला बगळे उभे होते आणि पलीकडे टेकड्यांची निळसर ओळ. सह्याद्रीचे पूर्वेकडे उतरत आलेले डोंगर इथपर्यंत पोचतात. इथे त्यांना सातमाळा म्हणतात. उंची फार नाही, पण सलग सपाटी पाच मिनिटंही मिळत नाही. चढ संपला म्हणेपर्यंत उतार, उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यानंतर पुन्हा चढ. मांड्यांना दुपारपर्यंत सगळा भूगोल पाठ होतो.

मातीही सारखी बदलते. टेकडीवर लाल-पिवळा मुरूम, त्यावर सायकल नुसती पळते. खाली उतरलं की काळी कसदार जमीन. आत्ता ती भेगाळलेली आणि कडक होती. पावसाळ्यात हीच माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून जून ते ऑक्टोबर या वाटेला जाऊ नका.

"काय करायलीस?"

भीमपूरला चहाच्या टपरीवर थांबलो. पाटी तेलुगूत. गल्ल्यावरची बाई समोरच्या माणसाशी तेलुगूत हिशोब करत होती. तेवढ्यात तिची पाच-सहा वर्षांची मुलगी साखरेच्या डब्यात हात घालताना दिसली आणि बाई ओरडली, "काय करायलीस गं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. या दोन शब्दांमागे आमच्या घरातलं एक जुनं दुखणं आहे.

आमचं कुटुंब मूळचं नांदेडकडचं, दोन पिढ्यांपूर्वी हैदराबादला आलेलं. घरात आम्ही "काय करायलास", "कुठं जायलीस" असंच बोलतो. पुण्याच्या मावसभावंडांना ते ऐकून हसू येतं. त्यात कुणाचं मन वाईट नसतं; पण दर दिवाळीत तेच तेच ऐकून माझी मुलगी त्यांच्यासमोर हळूहळू इंग्रजीतच बोलायला लागली. "माझं मराठी मोडकं आहे," असं ती मैत्रिणींना सांगायची. घरात रोज बोलली जाणारी भाषा मोडकी कशी, हे मला तिला कधी नीट समजावता आलं नाही.

भीमपूरला ते समजावून सांगावंच लागलं नाही. टपरीवरच्या बाईने विचारलं, "कुठून आले जी?" हा "जी" वऱ्हाडातला, आणि मघाचं "करायलीस" मराठवाड्यातलं. दोन्ही एकाच तोंडात, वर तेलुगूची फोडणी. लेकीने हैदराबाद सांगितलं. बाई म्हणाली, "मग बरोबर. आमच्यासारखीच बोलते पोरगी." पुढची वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या: कापसाचा भाव, हैदराबादचं कॉलेज, सायकलला कॅरियर का नाही. अधूनमधून एक वाक्य मराठीत, दुसरं तेलुगूत. वाक्याच्या मधोमध भाषा बदलली तरी दोघींपैकी कुणी थांबलं नाही. पुण्यात जे तिचं उणं ठरतं, ते इथे रोजचं चलन होतं.

नदीने पाहिलेल्या सरहद्दी

हे असं का, ते समजायला थोडा इतिहास लागतो. पैनगंगेचा हा भाग कितीतरी वर्षं सरहद्द आहे, पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची सरकारं मात्र बदलत गेली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून उत्तरेचा काठ इंग्रजांच्या कारभारात आणि दक्षिणेचा हैदराबाद संस्थानात राहिला. १९४८ साली संस्थान भारतात आलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत संस्थानाचे तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुकेही तिकडे गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ मध्ये तेलंगण झालं. २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि त्याच वेळी भीमपूर हे नवं मंडल तयार झालं.

एवढ्या उलथापालथीत नदीकाठची माणसं जिथल्या तिथे होती. सोयरिकी नदीपलीकडे होत राहिल्या. शिवारात गोंड आणि कोलाम आहेत, त्यांच्या त्यांच्या भाषांसकट. मराठी बोलणारे कुणबी, माळी आणि आंध आहेत. तेलुगू बोलणारे आहेत. आदिलाबाद जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. गावांची नावं ऐका: अंतरगाव, करंजी, धानोरा, पिप्पलकोटी, गोल्लाघाट. तामसी नावाची दोन गावं आहेत आणि त्यांतल्या एकापुढे "के" लिहितात, म्हणजे खुर्द. आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दचंच हे भावंड.

आपण हैदराबादेत राहणारे मराठी लोक स्वतःला "महाराष्ट्राबाहेरचे" म्हणवून घेतो. ते खरंच आहे. पण या काठावरची माणसं कधी कुठून बाहेर गेलेली नाहीत. रेघ त्यांच्या शेजारून ओढली गेली, एवढंच.

दुसरा दिवस: नदी, जलाशय आणि परत फिरणं

दुसऱ्या दिवशी गाडीने भीमपूरपर्यंत आलो आणि तिथून सायकली काढल्या. अंतरगावच्या दिशेने नदीकडे उतरणारी वाट या सफरीतला सगळ्यात सुंदर तुकडा. दोन्ही बाजूंना साग, मधे मोह, पळस, तेंदू. सागाची मोठी वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात. जंगल संपतं तिथे कापूस सुरू होतो आणि कापसाच्या टोकाला अचानक नदी. जानेवारीत पात्र रुंद आणि पाणी कमी, मधे खडकांची बेटं. पलीकडे यवतमाळ जिल्हा. फोनवर महाराष्ट्राच्या मोबाइल कंपनीचा "स्वागत आहे" असा संदेश आला, आम्ही तेलंगणातच उभ्या असताना.

पलीकडे थोडं आत टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर, पण तिथे वाघांची वीण चांगली होते आणि वयात आलेल्या वाघांना जागा पुरत नाही. ते बाहेर पडतात. या वाघांसाठी पैनगंगा म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात सहज ओलांडायचा ओढा. ओलांडला की भीमपूरचं शिवार. काही वर्षांपूर्वी पिप्पलकोटीच्या जलाशयाचं काम चालू असताना तिथल्या कामगारांना वाघांचं दर्शन झालं होतं. हा जलाशय चनाखा-कोरटा प्रकल्पाचा भाग. पैनगंगेवरच्या या बंधाऱ्यासाठी दोन्ही राज्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये करार केला. वाघांनी असा कुठला करार केलेला नाही, पण ते दोन्ही बाजूंचं पाणी पितात.

यांतला सगळ्यात प्रसिद्ध वाघ तुम्ही बातम्यांत वाचला असेल. टिपेश्वरच्या एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो निघाला. यवतमाळ, आदिलाबादचं जंगल, पुन्हा महाराष्ट्र, मग हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत १,३०० किलोमीटर झाले होते. पुढचं फिरणं धरून नऊ महिन्यांत सुमारे ३,०००. लोकांनी त्याचं नाव "वॉकर" ठेवलं. गंमत बघा: पैनगंगेचा उगमही बुलढाणा जिल्ह्यात. नदी जिथून निघते, त्याच जिल्ह्यात तो जाऊन थांबला. वाटेत शेकडो गावांच्या शिवारांतून गेला, बहुतेक रात्री, आणि बहुतेकांना तो दिसलासुद्धा नाही.

आमचा बेत नदीकाठाने तामसी (के) कडे जाऊन पिप्पलकोटीच्या अंगाने परत यायचा होता. नकाशावर सात-आठ किलोमीटरची एक कच्ची वाट जंगलाला लागून जाताना दिसत होती. ग्रॅव्हलवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं अशी. वळणावर कापूस वेचणाऱ्या सात-आठ बाया आणि एक म्हातारे गृहस्थ होते. लेकीने विचारलं, "मामा, ही वाट जाते का तामसीला?"

"जाते. पण तुम्ही नका जाऊ जी."

मग त्यांनी सांगितलं. दोन दिवसांपूर्वी पलीकडच्या टोकाला एक गाय मारली होती. वन खात्याची माणसं येऊन पंजाचे ठसे बघून गेली. वेचणीला सगळ्या एकत्र जातात, दहाच्या आधी वावरात उतरत नाहीत आणि चारला घरी निघतात. काम करताना मोठ्याने बोलत राहायचं, एकटीने मागे राहायचं नाही. रात्रीची जागल तर कधीच बंद झाली, रानडुकरं खातात ते खातात. ते आमच्या सायकलींकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही असं वाकून बसता. लांबून माणूस नाही वाटत, जनावर वाटते."

लेक एकोणीस वर्षांची आहे. तिला ती वाट हवी होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. भर दुपार होती, दोघी होतो, पटकन निघून गेलो असतो, असं तिने हळू आवाजात म्हणूनही बघितलं. ओंजळभर कापूस ओटीत टाकत एक बाई तेवढ्यात म्हणाली, "तुम्ही चालल्या जाल पोरी. तुम्हाला काही झालं तर इकडं सगळे जमतील, गावात पोलीस, जंगलात बंदुका. मग आमची वेचणी आठ दिवस बंद."

तिने हे रागाने नाही, अगदी सहज सांगितलं. आमच्या धाडसाचा खर्च तिच्या मजुरीतून जाणार होता. या बाजूला लोकांना ते माहीत आहे: २०१८ साली पलीकडच्या पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीच्या वेळी महिनोन्‌महिने शेतात जाणं कसं बंद झालं होतं, ते त्यांच्या सोयऱ्यांनी सोसलेलं आहे.

आम्ही सायकली वळवल्या. लेक दोन किलोमीटर गप्प होती. मग म्हणाली, "आई, वाघ बघायला आपण पैसे देतो. त्यांना न बघण्यासाठी कामाचे तास सोडावे लागतात." मी काही बोलले नाही. चढ होता, आणि ती बरोबर होती.

परत आलो ते भीमपूरच्या मुख्य रस्त्याने, तामसीमार्गे आदिलाबादला. दोन दिवसांचे मिळून नव्वदेक किलोमीटर झाले. ती सात-आठ किलोमीटरची वाट राहिलीच, आणि राहू दे.

तुम्हाला जायचं असेल तर

कधी: डिसेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, पण ऊनही तापायला लागतं. तारखा जुळल्या तर पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा असते. गोंडांच्या मेश्राम कुळाचे लोक तिच्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत जाऊन आणतात. ज्यांना आपण स्लो ट्रॅव्हल म्हणतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

सायकल: ग्रॅव्हल बाइकच हवी असं नाही. रुंद टायरची कुठलीही गियरची सायकल चालेल. पंक्चरचं सामान, हवेचा पंप आणि माणशी तीन लिटर पाणी बरोबर ठेवा. मधल्या गावांत सायकलचं दुकान मिळेलच असं नाही.

वेळ: सकाळी नऊनंतर निघा, चारच्या आत मोठ्या रस्त्याला लागा. हा नियम गावकरी स्वतः पाळतात, आपणही पाळायचा. दोघांपेक्षा कमी जण जाऊ नका. राखीव जंगलात वन खात्याला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि टिपेश्वरमध्ये सायकलने जाता येत नाही. तिथे सफारीच्या गाडीनेच जावं लागतं.

विचारा: प्रत्येक पांदणीच्या तोंडाशी जो कोणी असेल त्याला वाट विचारा. फोनच्या नकाशाला गाय कुठे मारली ते कळत नाही.

पुढच्या जानेवारीत आपल्या मंडळातली आठ-दहा मुलं घेऊन जायचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नवरात्रापर्यंत कळवा म्हणजे सरावाला वेळ मिळेल. आपलं मराठी "मोडकं" आहे असं ज्या मुलांना वाटतं, त्यांनी तर नक्की यावं. तेलुगू वाचणारं निदान एक पोर गटात हवंच. पाट्या वाचायला मोठ्या माणसांचा काही उपयोग होत नाही.